सेवेच्या हातांनाही विसावा हवा



संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्यांनी दान दिले, श्रम दिले, वेळ दिला त्या सर्वांचे स्मरण या निमित्ताने होते. दात्यांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु सेवेच्या क्षेत्रात असा एक मोठा वर्ग आहे की ज्याचे नाव कोणत्याही फलकावर येत नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा त्याला डॉक्टरांचे नाव आठवते, रुग्णालयाचे नाव आठवते. मात्र पहाटे तीन वाजता जिने सलाईनची बाटली बदलली, ताप पाहिला, ओली चादर काढून कोरडी घातली, तिचे नाव त्याला क्वचितच ठाऊक असते. तो तिला 'सिस्टर' एवढ्याच नावाने ओळखतो. एका पाळीत ही हाक तिला किती वेळा ऐकावी लागते याची मोजदाद कोणी ठेवत नाही. या सिस्टरच्या, आणि आता या व्यवसायात मोठ्या संख्येने येऊ लागलेल्या पुरुष परिचारकांच्या, मनाची अवस्था काय असते, तिची काळजी कोणी घ्यावी आणि आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांचे त्यात काय कर्तव्य आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ग्लान कोण?

हा विषय जैन समाजाला परका नाही. तपाचे बाह्य आणि अभ्यंतर असे दोन प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. उपवास, ऊनोदरी ही बाह्य तपे सर्वांच्या परिचयाची असतात, कारण ती दिसतात. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही सहा अभ्यंतर तपे होत. त्यांतील वैयावृत्त्य म्हणजे सेवा-शुश्रूषा. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ज्या दहा जणांची सेवा करावयाची असे सांगितले आहे, त्यांत 'ग्लान' हा एक आहे. ग्लान म्हणजे रोगी. परंतु हा शब्द मराठी माणसाला 'ग्लानी' या रूपाने अधिक ओळखीचा आहे, आणि त्यात थकवा, शक्तिपात, उमेद खचणे हे सारे अर्थ आहेत. म्हणजे रोगाने खचलेला जसा ग्लान, तसा श्रमाने खचलेलाही ग्लानच. रुग्णाची शुश्रूषा करता करता जी स्वतः खचली, ती परिचारिकाही या शब्दाच्या कक्षेत येते. तिच्याकडे त्या दृष्टीने पाहण्याची सवय मात्र समाजाला अद्याप लागलेली नाही.

मावळच्या भूमीला तर या विचाराचा फार जुना वारसा आहे. कामशेतजवळील पाले गावच्या डोंगरात एक लेणे आहे. त्यातील ब्राह्मी लिपीतील शिलालेखाचा आरंभ अरिहंतांना वंदन करून होतो, आणि भदंत इंद्ररक्षित यांनी ते लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन पुरावा मानला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर निवाऱ्याबरोबर पाण्याचीही सोय केली गेली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाण्याचे टाके केवळ कोरून भागत नाही. दर पावसाळ्यात ते पुन्हा भरले तरच वर्षभर दुसऱ्याची तहान भागवते. सेवा करणाऱ्या माणसाचेही तसेच आहे.

ताण कशाचा?

परिचारिकेचे काम कष्टाचे आहे हे सर्वांनाच मान्य असते. तथापि कष्ट आणि ताण या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतकरी, हमाल, गवंडी हेही कष्ट करतात. परिचारिकेच्या ताणाचे स्वरूप निराळे आहे आणि त्याची कारणे नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण पाळ्यांचे. मोठ्या रुग्णालयांत आठ तासांच्या तीन पाळ्या असतात, तर अनेक लहान खासगी रुग्णालयांत बारा-बारा तासांच्या दोनच. मनुष्याच्या शरीराचे घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेले आहे. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी असा क्रम वर्षानुवर्षे चालला की झोप, भूक, पचन, मासिक पाळी यांचे तंत्र बिघडते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, लक्ष विचलित होते आणि उदासीनतेला वाट मिळते.

दुसरे कारण जबाबदारी आणि अधिकार यांतील अंतराचे. औषधाची मात्रा चुकली, रक्ताची पिशवी बदलली, तर पहिला जाब परिचारिकेला विचारला जातो. परंतु खाटा किती भरायच्या, माणसे किती नेमायची, साहित्य केव्हा मागवायचे, यांतील एकही निर्णय तिच्या हाती नसतो. रुग्णासाठी काय केले पाहिजे हे तिला कळते, ते करण्याइतका वेळ मात्र तिच्यापाशी नसतो. या अवस्थेला अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' या अर्थाचे नाव दिले. आजाऱ्याला कुशीवर वळवायला हवे होते, वृद्धेला दोन घास भरवायला हवे होते, मरणासन्न माणसाचा हात धरून बसायला हवे होते आणि ते झाले नाही, ही रुखरुख घरी गेल्यावरही सुटत नाही.

तिसरे कारण मृत्यूच्या सहवासाचे. सर्वसामान्य कुटुंबात मृत्यू काही वर्षांतून एकदा येतो. तेव्हा आप्तेष्ट जमतात, सांत्वन करतात, दिवसकार्य होते आणि मन हळूहळू सावरते. परिचारिकेच्या वॉर्डात एका आठवड्यात दोन-तीन मृत्यू होऊ शकतात. देह नीट गुंडाळून झाला की लगेच शेजारच्या खाटेवरील रुग्णाकडे प्रसन्न मुद्रेने जावे लागते. शोक करण्याची मुभा तिला नसते, कारण ते तिचे नातेवाईक नव्हेत असे सगळे धरून चालतात.

चौथे कारण अपमानाचे आणि भयाचे. नातेवाइकांचा संताप डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी परिचारिकेवर निघतो. रात्रीच्या वेळी मद्यधुंद अवस्थेत आलेले जखमी, त्यांच्यासोबतचा जमाव, अर्वाच्य भाषा यांना तिलाच तोंड द्यावे लागते. केरळसारख्या दूरच्या प्रांतातून आलेल्या मुलींना तर मराठी बोलीची अडचण आणि घराची ओढ हे ओझेही सोबत असते.

मावळचे वेगळेपण

हे चित्र सर्वत्रच कमी-अधिक सारखे असले तरी मावळ-लोणावळा परिसराच्या काही विशेष अडचणी आहेत. पुणे-मुंबई रेल्वेमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग हे तिन्ही येथून जातात. द्रुतगती मार्गाने प्रवास सुकर झाला, त्याचबरोबर भीषण अपघातांचे जखमी कोणत्याही प्रहरी येथील रुग्णालयांच्या दारात येऊ लागले. पावसाळ्यात भुशी धरण, धबधबे आणि गडकिल्ल्यांवर लोटणारी गर्दी हा दुसरा भाग. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या बाजूस धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला. चौघांना प्राण गमवावे लागले आणि पन्नासहून अधिक जखमी परिसरातील रुग्णालयांत दाखल झाले.

अशा प्रसंगी वृत्तपत्रांत बचाव पथकांचे वर्णन येते आणि ते धाडस वंदनीयच असते. परंतु रविवारच्या तुटपुंज्या माणसबळावर चालणाऱ्या वॉर्डात एकाएकी जखमींची रांग लागते तेव्हा तेथील परिचारिकेची काय स्थिती होते, याचा विचार फारसा होत नाही. इतरांची सुट्टी हा या परिसरात तिचा सर्वाधिक कामाचा दिवस असतो.

डोंगराळ भागातील चित्र आणखी वेगळे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील वाड्या-वस्त्यांवर, ठाकर-कातकरी पाड्यांवर आरोग्यसेविका फिरते. शासकीय निकषानुसार डोंगरी व आदिवासी भागात सुमारे तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, प्रसूती, कुटुंबनियोजन, साथीचे सर्वेक्षण, आणि त्यावर रजिस्टरांचा व संगणकीय नोंदींचा डोंगर, हे सर्व तिलाच उरकावे लागते. आषाढ-श्रावणात ओढे भरलेले, एस.टी. बंद आणि मोबाईलला रेंज नाही, अशा अवस्थेत अडलेल्या बाळंतिणीजवळ ती बहुधा एकटी असते. शहरातील परिचारिकेला गर्दी थकवते, तर डोंगरातील सेविकेला एकटेपणा थकवतो.

इतिहासाचे दाखले

पुणे जिल्ह्याला शुश्रूषेची थोर परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांतून पुण्यात सेवासदन उभे राहिले. ज्या काळात कुलीन घरातील स्त्रीने परक्या रुग्णाला स्पर्श करणे निषिद्ध मानले जात होते, त्या काळात सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता भगिनींना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली.

ही परंपरा गौरवाची असली तरी तिची एक बाजू जपून पाहिली पाहिजे. परिचारिकेला 'त्यागमूर्ती' म्हटले की तिच्या वेतनाचा, विश्रांतीचा, सुरक्षिततेचा प्रश्न विचारणेही संकोचाचे वाटू लागते. देवतेला कोणी थकवा आला का असे विचारत नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी कामाच्या ठिकाणीच त्यांच्यावर एका वॉर्डबॉयने अमानुष हल्ला केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुढे ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, अशा मुलींनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. या घटनेतून दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. आपल्या सहकारी भगिनीसाठी परिचारिका काय करू शकतात हे दिसते. आणि कामाच्या जागी सुरक्षितता नसेल तर एका तरुण आयुष्याचे काय होते, तेही दिसते.

दुसरा दाखला मुंबईच्याच कामा रुग्णालयातील अंजली कुलथे यांचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रुग्णालयात शिरले तेव्हा कुलथे यांनी आपल्या वॉर्डातील वीस गरोदर महिलांना सुरक्षित जागी हलवले आणि कळा सुरू झालेल्या एका महिलेला जिना चढून प्रसूतिगृहात नेले. पुढे कसाबविरुद्धच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली, तीही आपल्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी त्या रात्रीची हकिकत सांगितली. त्यांच्या धैर्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. त्या रात्रीचे भय मनातून सहजासहजी गेले नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. धैर्य असलेल्या माणसालाही आघात होतो, आणि तो बोलून दाखवण्यात कमीपणा नाही, हा धडा त्यांनी दिला.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात त्यांची शुश्रूषा सुरू झाली. पुढील दोन वर्षांत परिचारिकांनी जे सोसले ते अजून पुरते सांगून झालेले नाही. संरक्षक पोशाखात तासन्तास पाणी न पिता, नैसर्गिक विधीलाही न जाता त्यांनी काम केले. घरी लहान मुले असूनही त्यांना आठवडेच्या आठवडे दूर राहावे लागले. नातेवाइकांना आत येण्यास मनाई असल्यामुळे कित्येकांचा शेवटचा निरोप परिचारिकेच्या हातातील मोबाईलवरूनच घेतला गेला. साथ ओसरली, टाळ्या आणि थाळ्या थांबल्या. ज्यांनी ते मृत्यू पाहिले त्यांच्या मनातून ते गेले असतील असे मानण्याचे कारण नाही.

मनाची दुखापत ओळखावी कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट', म्हणजे व्यावसायिक शक्तिक्षय, याची व्याख्या नोंदवली. तिचे तीन भाग आहेत: शक्ती पूर्णपणे संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी धारणा. हा आजार नसून कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न सोडवलेल्या ताणाचा परिणाम आहे, असेही संघटनेने स्पष्ट केले. या व्याख्येचा अर्थ मोठा आहे. दोष व्यक्तीच्या मनोबलात शोधण्याऐवजी कामाच्या रचनेत शोधावा, असे त्यातून निष्पन्न होते.

व्यवहारात हा शक्तिक्षय कसा दिसतो? पूर्वी मायेने बोलणारी सिस्टर एकाएकी तुटक बोलू लागते. झोपेची वेळ असूनही झोप लागत नाही. ड्यूटीवर निघताना छातीत धडधड होते. दिलेले औषध बरोबर होते ना, या शंकेने ती घरून पुन्हा पुन्हा वॉर्डात फोन करते. रडू येते किंवा काहीच वाटेनासे होते. हा सुन्नपणा रडण्यापेक्षा अधिक काळजीचा असतो. ही लक्षणे काही आठवडे टिकली, खाणे-झोपणे बिघडले, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर तो केवळ थकवा राहत नाही. तेथे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे.

ही मदत आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिलेली नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशन मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे असे बंधन घातले आहे. शरीराचे वैद्यक जवळून जाणणाऱ्या परिचारिकाच मनाच्या उपचारांना मात्र लाजतात. 'लोक काय म्हणतील' आणि 'नोकरी जाईल का' ही दोन भये त्याच्या मुळाशी असतात.

खाटा आणि हात

आता प्रश्न संख्येचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे, सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. हा हिशेब व्यापारी समाजाला चटकन उमगेल. एका जागी अहोरात्र एक परिचारिका हजर ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एक व्यक्ती आठवड्याला ४८ तास काम करते असे धरले तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी तीस टक्के राखीव धरली की हा आकडा साडेचारच्या पुढे जातो. म्हणजे एखाद्या दात्याने पाच खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला, तर तो निकषानुसार चालवण्यासाठी बावीस-तेवीस परिचारिका हव्यात. यंत्र एकदाच घ्यावे लागते, वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. देणग्या यंत्रांना मिळतात, कारण यंत्रावर नाव घालता येते. वेतनावर नाव घालता येत नाही, आणि मग तेवीस जणींचे काम दहा जणींवर येऊन पडते. परिचारिकेच्या ताणाचा उगम बहुतेक वेळा या वजाबाकीत असतो.

वेतनाचीही तीच कथा. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानंतर केंद्र शासनाने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा वीस हजार रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे, अशी शिफारस समितीने केली. त्या शिफारशीला आता बरीच वर्षे लोटली. आपण ज्या रुग्णालयांना देणगी देतो तेथे आजही एवढे वेतन मिळते का, हे विचारण्याचा अधिकार दात्याला निश्चितच आहे.

संरक्षणासाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रुग्णालयात हिंसाचार वा तोडफोड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टरांप्रमाणे परिचारिकाही या संरक्षणात येतात. कायदा मात्र घटना घडून गेल्यावर धावून येतो. ती घडू नये यासाठी समाजाचे वळण बदलावे लागते.

समाजाने काय करावे?

प्रथम, वाणीचा संयम. अहिंसा मन, वचन आणि काया या तिन्हींनी पाळावयाची असते. मुंगीलाही जपणारा माणूस वॉर्डात मोठ्या आवाजात सिस्टरचा पाणउतारा करतो, तेव्हा वचनाची हिंसा घडतच असते. रुग्णाजवळ एकच नातेवाईक थांबावा, भेटीच्या वेळा पाळाव्यात, परिचारिका औषध मोजत असताना तिला हाक मारू नये, तिला नावाने आणि आदराने संबोधावे, एवढे नियम घराघरात शिकवले तरी मोठे काम होईल. पर्युषणात क्षमापनेच्या वेळी आप्तस्वकीयांबरोबर त्या वर्षी आपले आजारपण ज्यांनी काढले त्यांचीही आठवण ठेवावी.

दुसरे, घरातील वागणूक. ज्या घरातील मुलगी वा सून परिचारिका आहे तेथे रात्रपाळीनंतरची झोप हे तिचे औषध समजावे. सकाळी आठला घरी आलेल्या सुनेपुढे स्वयंपाक, मुलांची शाळा आणि पाहुणे वाढून ठेवले तर तिची दुसरी पाळी तेथेच सुरू होते. अंधारी, शांत खोली आणि सलग सहा-सात तास, एवढेच तिला हवे असते.

तिसरे, दानाची नवी दिशा. संस्थांनी इमारत आणि यंत्रांबरोबर परिचारिकांच्या पदांसाठी कायम ठेव निर्माण करावी. मुलींना परिचर्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. रुग्णालयात परिचारिकांसाठी आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली, स्वच्छ शौचालय आणि पिण्याचे पाणी असावे. दुपारपाळी रात्री सुटल्यावर लोकलची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मुलींना घरापर्यंत पोहोचवणारी गाडी असावी. या सुविधांना खर्च फार नसतो. त्यांची उणीव मात्र रोज जाणवते.

चौथे, मनाला आधार. महिन्यातून ठरावीक दिवशी रुग्णालयाबाहेरील समुपदेशक यावा आणि कोण त्याला भेटले याची नोंद व्यवस्थापनाकडे जाऊ नये. वॉर्डात मृत्यू झाल्यानंतर त्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांना दहा मिनिटे एकत्र बसू द्यावे. बालकाचा मृत्यू किंवा मोठा अपघात यांनंतर ज्येष्ठ अधिसेविकेने प्रत्येकीशी स्वतंत्रपणे बोलावे.

लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाचा शास्त्रीय कसोटीवर अभ्यास सुरू केला. शंभर वर्षे पूर्ण केलेली ही संस्था आपल्या उंबरठ्यावर आहे. श्वसनाचे आणि शिथिलीकरणाचे साधे अभ्यास परिचारिकांना अवश्य उपयोगी पडतील. परंतु एक सावधगिरी हवी. तीस रुग्णांमागे एकच परिचारिका ठेवायची आणि तिला प्राणायाम शिकवून ताण घालवायला सांगायचे, हा तिच्यावर अन्याय होईल. आधी ओझे हलके करावे, मग श्वास शिकवावा.

बंधू-भगिनींनो, येत्या काळात मावळची लोकसंख्या वाढणार आहे. तळेगाव-चाकण पट्ट्यातील उद्योग, नव्या वसाहती, वाढते पर्यटन यांमुळे रुग्णालये वाढतील आणि खाटाही वाढतील. त्या खाटांवर उद्या आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे. त्या वेळी उशाशी येणारा हात झोपमोडीने थरथरणारा असावा की विसावलेला, हे मोठ्या अंशी आज समाज कशासाठी दान देतो यावर ठरणार आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने अनेक संकल्प केले असतील. त्यांत आणखी एकाची भर घालावी: या परिसरातील एका तरी रुग्णालयात परिचारिकांची संख्या निकषाइतकी व्हावी यासाठी साहाय्य करावे, आणि वर्षभराने तेथील परिचारिकांनाच विचारावे की काय फरक पडला. त्यांचे उत्तर पुढील वर्षीच्या अहवालात छापावे.

जय जिनेंद्र.